सॉल्ट ॲनालिसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉल्ट ॲनालिसिस म्हणजे दिलेल्या अनोळखी क्षारातले आयन टेस्ट करून ओळखणं. प्रॅक्टिकल परीक्षेच्या तारखा लागल्या की अकरावी-बारावीच्या मुलांकडून, आणि हल्ली पालकांकडूनही, हे प्रश्न येऊ लागतात. शब्द वेगळे असले तरी गाडी अडते ती त्याच ठिकाणी. म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहिली आहेत. इथे क्षार म्हणजे एक धन आयन आणि एक ऋण आयन असलेला साधा क्षार. दोन धन आयन असलेल्या क्षारांसाठी प्रश्न १७ पाहा.

१. पुडीतला क्षार हातात आला की सगळ्यात आधी काय करायचं?

आधी हातचं राखून ठेवायचं. मिळालेल्या क्षाराचा निदान तिसरा हिस्सा कागदात गुंडाळून बाजूला ठेवा, शेवटी शंका आली तर तोच कामाला येतो. मग रंग बघा. निळा असेल तर कॉपर, फिकट हिरवा असेल तर फेरस किंवा निकेल, पिवळसर तपकिरी असेल तर फेरिक, गुलाबी असेल तर कोबाल्ट किंवा मँगनीज असा अंदाज येतो. पांढरा असेल तर यातली बरीच नावं गळतात. पण अंदाज म्हणजे निष्कर्ष नव्हे. मोरचूद कोरड्या नळीत तापवला की त्यातलं पाणी उडून जातं आणि निळ्याची पांढरी पूड होते, कॉपर मात्र तिथंच असतं.

कोरड्या नळीत तापवणं पुष्कळजण उरकून टाकतात, ते चूक आहे. लेड नायट्रेट तडतडतं आणि तपकिरी वायू सोडतं. झिंकच्या बऱ्याच क्षारांचा अवशेष गरम असताना पिवळा आणि गार झाला की पांढरा दिसतो. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, तळातून उडून नळीच्या गार भागावर पांढरा थर धरतो. चव मात्र कशाचीही घ्यायची नाही. लेड ॲसिटेट गोड लागतं आणि ते विष आहे.

२. आधी ऋण आयन शोधायचा की धन आयन?

ऋण आयन. पुस्तकात तसं लिहिलंय एवढंच कारण नाही. ऋण आयन कळला की क्षार कशात विरघळेल याचा अंदाज येतो. शिवाय धन आयन कोणत्या रसायनाने खाली बसतात यावरून त्यांचे ग्रुप पाडलेत (प्रश्न ११), आणि फॉस्फेट किंवा ऑक्सलेट असेल तर तिसऱ्या ग्रुपमध्ये घोटाळा होतो (प्रश्न १२), तो आधीच लक्षात येतो.

३. विरल (पातळ) सल्फ्युरिक ॲसिड आधी आणि संहत (तीव्र) नंतर, हे उलट केलं तर काय बिघडतं?

विरल ॲसिडने जे क्षार वायू सोडतात ते संहत ॲसिडनेही सोडतात, आणि जास्त जोरात सोडतात. कार्बोनेट, सल्फाइट, सल्फाइड, नायट्राइट आणि ॲसिटेट ही मंडळी विरल ॲसिडलाच बोलती होतात. त्यांना वगळल्यावर संहत ॲसिडने जो वायू येईल तो क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, नायट्रेट किंवा ऑक्सलेटचा. उलट क्रमाने गेलात तर तपकिरी वायू नायट्राइटचा की नायट्रेटचा, हे सांगता येणार नाही. सल्फेट आणि फॉस्फेट दोन्हींना दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी अनुक्रमे बेरियम क्लोराइड आणि अमोनियम मॉलिब्डेट.

४. चुन्याची निवळी दुधाळ झाली. म्हणजे कार्बोनेटच ना?

नक्की नाही. सल्फाइटमधून निघणारा सल्फर डायऑक्साइडही निवळी दुधाळ करतो. फरक वासात आहे: कार्बन डायऑक्साइडला वास नाही, सल्फर डायऑक्साइड जळत्या गंधकासारखा नाकात झोंबतो. वासावर भरवसा नसेल तर ॲसिड घातलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद नळीच्या तोंडाशी धरा. नारिंगीचा हिरवा झाला तर सल्फाइट.

आणखी दोन गोष्टी. वायू फार वेळ सोडत राहिलात तर आलेला दुधाळपणा निघून जातो, कारण कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. "निवळी दुधाळ झालीच नाही" म्हणणाऱ्या कित्येकांची निवळी होऊन गेलेली असते. आणि संहत ॲसिडसोबत तापवल्यावर दुधाळ झाली तर ऑक्सलेट आठवा. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड दोन्ही निघतात.

५. संहत ॲसिडने पांढरा धूर आला, म्हणून क्लोराइड लिहिलं. ते चुकलं. का?

बहुधा नळी जास्त तापली. संहत सल्फ्युरिक ॲसिड फार तापवलं की त्याचाच दाट पांढरा धूर येतो, क्षार कोणताही असो. नळी ज्योतीवर धरून ठेवायची नाही, नुसती फिरवायची. क्लोराइडचा वायू नळीत जवळजवळ रंगहीन असतो. अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवलेली काचकांडी तोंडाशी आणली की तिच्याभोवती पांढरा धूर जमतो. तरी शंका राहिली तर क्रोमिल क्लोराइड टेस्ट, म्हणजे क्लोराइडची लाल वाफेवरून खात्री करणारी टेस्ट, करा (प्रश्न ६).

६. क्रोमिल क्लोराइड टेस्टमध्ये लाल वाफ येतच नाही. क्षार तर क्लोराइड आहे!

दोन कारणं असतात. नळी ओली असेल तर ही टेस्ट फसते, कारण क्रोमिल क्लोराइड पाण्याशी लगेच अभिक्रिया करतं. नळी, क्षार आणि पोटॅशियम डायक्रोमेट, तिन्ही कोरडी हवीत. दुसरं कारण क्षारातच असतं. लेड, सिल्व्हर आणि मर्क्युरी यांची क्लोराइडं या टेस्टला नीट उत्तर देत नाहीत, तेव्हा त्यांच्या बाबतीत "वाफ नाही म्हणजे क्लोराइड नाही" असं लिहू नका.

वाफ आली तरी तिथे थांबू नका. ती सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घ्या, द्रावण पिवळं होईल. त्यात ॲसेटिक ॲसिड आणि लेड ॲसिटेट टाकल्यावर पिवळा अवक्षेप (न विरघळता खाली बसणारा साका) आला म्हणजे काम झालं. ब्रोमाइडची लालसर वाफही फसवते, पण ती सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रंगहीन होते. त्यामुळे हा शेवटचा टप्पा गाळायचा नाही.

७. कोणताही क्षार घेतला तरी सिल्व्हर नायट्रेटने पांढरा अवक्षेप येतो. असं कसं?

नळाचं पाणी वापरलंत. त्यात क्लोराइड असतंच. डिस्टिल्ड वॉटर घ्या. दुसरी शक्यता म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये केलेलं ओरिजिनल सोल्युशन, म्हणजे धन आयन शोधायला केलेलं क्षाराचं द्रावण (प्रश्न १०), वापरलंत, म्हणजे क्लोराइड तुम्हीच आत घातलं. तिसरी, सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्ट (प्रश्न ८) वापरलं पण आधी विरल नायट्रिक ॲसिडने आम्ल केलं नाही. मग दिसतं ते सिल्व्हर कार्बोनेट.

संशय आला की एक सोपा उपाय आहे: क्षार न घालता नुसतं पाणी आणि तीच रसायनं घेऊन टेस्ट करा. तरीही अवक्षेप आला तर क्षार निर्दोष आहे. ही कोरी टेस्ट जर्नलमध्ये क्वचितच दिसते. परीक्षकाला मात्र ती आवडते.

खऱ्या अवक्षेपांत सिल्व्हर क्लोराइड पांढरं असतं आणि अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये सहज विरघळतं. ब्रोमाइड फिकट पिवळं, कष्टाने विरघळतं. आयोडाइड पिवळं, विरघळतच नाही.

८. सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्ट कशासाठी? क्षार थेट पाण्यात घेतला तर?

पाण्यात विरघळणारा क्षार असेल आणि त्याचा धन आयन मध्ये येत नसेल तर थेट घेतला तरी चालतं. पण क्षार न विरघळणारा असेल, किंवा लेडसारखा धन आयन बेरियम क्लोराइडबरोबर स्वतःच पांढरा अवक्षेप देत असेल, तर ऋण आयन मोकळा करून घ्यावा लागतो. क्षार आणि त्याच्या दुप्पट सोडियम कार्बोनेट पाण्यात घालून उकळतात. धन आयन कार्बोनेट होऊन खाली बसतो, ऋण आयन सोडियमबरोबर द्रावणात राहतो. गाळून घेतलेलं पाणी म्हणजे एक्स्ट्रॅक्ट. अर्थात कार्बोनेटची टेस्ट याच्यावर करायची नाही. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

९. ब्राउन रिंग कधी येते, कधी येत नाही. नेमकं काय चुकतं?

इथे बऱ्याच जणांचं घोडं पेंड खातं, म्हणून जरा सविस्तर.

फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, त्याच वेळी विरघळवलेलं हवं. सकाळी करून ठेवलेलं द्रावण दुपारपर्यंत हवेने पिवळसर होऊ लागतं, म्हणजे फेरसचं फेरिक झालेलं असतं, आणि फेरिकने रिंग येत नाही. मग क्षाराचं द्रावण आणि ताजं फेरस सल्फेट एकत्र करून नळी तिरकी धरा आणि संहत सल्फ्युरिक ॲसिड आतल्या भिंतीवरून थेंबाथेंबाने खाली सोडा. ॲसिड जड असल्यामुळे तळाशी जातं. दोन थर जिथे भेटतात तिथे तपकिरी कडं दिसतं. नळी हलवली, किंवा ॲसिड एकदम ओतून द्रावण तापलं, की कडं मोडतं. हलवून पाहण्याचा मोह होतो, तो आवरा.

कडं आलं तरी ते खोटं असू शकतं. ब्रोमाइड आणि आयोडाइड संहत ॲसिडने ब्रोमीन आणि आयोडीन सोडतात, त्यांचाही थर तपकिरी दिसतो. नायट्राइट असेल तर विरल ॲसिडनेच सगळं द्रावण तपकिरी होतं. म्हणून प्रश्न ३ मधला क्रम पाळूनच या टेस्टपर्यंत या. आणि क्षार बेरियमचा किंवा लेडचा असेल तर फेरस सल्फेट टाकताच पांढरा साका येईल. तो त्या धातूच्या सल्फेटचा आहे, घाबरू नका. गाळून पुढे जा.

१०. ओरिजिनल सोल्युशन कशात करायचं?

या क्रमाने बघा: गार पाणी, गरम पाणी, विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड, संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड. जिथे विरघळेल तिथे थांबा. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळलं तर पहिला ग्रुप आपोआप बाद, कारण त्या ग्रुपचं अभिकर्मक, म्हणजे त्याला खाली बसवणारं रसायन, तेच आहे. नायट्रिक ॲसिड शक्यतो टाळा. का, ते प्रश्न १३ मध्ये.

११. ग्रुप कुणी ठरवले? तिसऱ्याची टेस्ट आधी केली तर काय होईल?

ही पद्धत शिस्तीत बसवली ती जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस यांनी. त्यांची पहिली मांडणी १८४१ ची, तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे होते. आज कॉलेजात चालते ती त्याचीच सुटसुटीत आवृत्ती.

कोणत्याही ग्रुपचं अभिकर्मक फक्त त्याच ग्रुपला पकडत नाही. ते त्या ग्रुपला आणि आधीच्या बऱ्याच आयनांना पकडतं. दुसरा आणि चौथा ग्रुप बघा. दोन्हीकडे हायड्रोजन सल्फाइडच वापरतो. कॉपर सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार (तो जितका लहान तितका क्षार लवकर खाली बसतो) १० चा उणे ३६ वा घात या पातळीचा, तर झिंक सल्फाइडचा उणे २४ च्या आसपास. आम्ल द्रावणात सामाईक हायड्रोजन आयनामुळे सल्फाइड आयन अगदी थोडे उरतात. तेवढ्यावर कॉपर खाली बसतं, झिंक बसत नाही. चौथ्या ग्रुपमध्ये अमोनियम हायड्रॉक्साइड घातल्यावर सल्फाइड वाढतं आणि मग झिंक, मँगनीज, निकेल, कोबाल्ट बसतात. आता कॉपरचा क्षार थेट चौथ्या ग्रुपच्या टेस्टला घातला तर काळा अवक्षेप येणारच, आणि तुम्ही निकेल लिहून मोकळे व्हाल. थिअरीच्या पेपरात आयनिक समतोल पाठ करणाऱ्यांना प्रॅक्टिकलमध्ये हे आठवत नाही, याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

१२. तिसऱ्या ग्रुपआधी नायट्रिक ॲसिड का उकळायचं? आणि अमोनियम क्लोराइड आधी का?

नायट्रिक ॲसिडचा थेंब फेरसचं फेरिक करतो, कारण फेरस हायड्रॉक्साइड या परिस्थितीत पूर्ण खाली बसत नाही. आधी हायड्रोजन सल्फाइड सोडला असेल तर तो उकळून घालवा, मगच नायट्रिक ॲसिड. अमोनियम क्लोराइड आधी घालायचं ते हायड्रॉक्साइड आयन कमी ठेवण्यासाठी. ते विसरलात तर मॅग्नेशियम, मँगनीज अशी पुढची मंडळीही इथेच पांढरी-तपकिरी होऊन बसतात.

फॉस्फेट किंवा ऑक्सलेट असेल तर अमोनियम हायड्रॉक्साइडने द्रावण अल्क होताच कॅल्शियम, बेरियमसुद्धा या ग्रुपमध्ये खाली येतात. म्हणून ऋण आयन आधी (प्रश्न २).

१३. हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर पिवळट पांढरं, दुधासारखं झालं. आर्सेनिक का?

बहुतेक वेळा ते गंधक असतं. द्रावणात नायट्रिक ॲसिड किंवा फेरिक असेल तर ते हायड्रोजन सल्फाइडमधून गंधक मोकळं करतं. आर्सेनिकचं किंवा कॅडमियमचं सल्फाइड स्वच्छ पिवळं असतं आणि खाली बसतं. गंधक गाळणकागदातून पार जातं.

हा वायू धुराड्याखालीच वापरा. जास्त प्रमाणात, साधारण दशलक्षात १०० भागांच्या पुढे, नाक बधिर होतं आणि सडक्या अंड्यांचा वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजणं जिवावर बेतू शकतं.

१४. लेड पहिल्या ग्रुपमध्येही आणि दुसऱ्यातही का?

लेड क्लोराइड पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं: २० अंशांना लिटरमागे सुमारे १० ग्रॅम, उकळत्या पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम. द्रावण पातळ असेल तर पहिल्या ग्रुपमध्ये काहीच दिसत नाही आणि लेड दुसऱ्यात काळं सल्फाइड होऊन येतं. खात्रीसाठी पोटॅशियम आयोडाइड टाका. आलेला पिवळा अवक्षेप पाण्यासह उकळा, विरघळेल. मग नळी नुसती स्टँडमध्ये ठेवून द्या. गार होताना सोन्याच्या वर्खासारखे कण चमकत खाली उतरतात. सगळ्या सॉल्ट ॲनालिसिसमध्ये याहून देखणं दुसरं काही नाही.

१५. पांढरा अवक्षेप सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळला. ॲल्युमिनियम की झिंक?

दोन्ही विरघळतात. फरक अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये: जास्त घातल्यावर झिंकचा अवक्षेप विरघळतो, ॲल्युमिनियमचा तसाच राहतो. ॲल्युमिनियमची लेक टेस्ट करा. अवक्षेप विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवा, निळ्या लिटमसच्या द्रावणाचे दोन थेंब घाला (लाल होईल), मग अमोनियम हायड्रॉक्साइड भिंतीवरून हळूहळू सोडा. रंगहीन पाण्यात निळा पुंजका तरंगायला हवा. सगळंच पाणी निळं झालं तर ती टेस्ट आली असं लिहू नका.

१६. पाचव्या ग्रुपमध्ये बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम याच क्रमाने का?

कार्बोनेटचा अवक्षेप ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून आधी पोटॅशियम क्रोमेट टाका, मग नवीन भागात अमोनियम सल्फेट, शेवटी अमोनियम ऑक्सलेट. क्रोमेटने या द्रावणात फक्त बेरियम पिवळं बसतं. अमोनियम सल्फेटने बेरियम आणि स्ट्रॉन्शियम दोन्ही बसतात, ऑक्सलेटने तर तिघंही. ऑक्सलेटपासून सुरुवात करणाऱ्याला प्रत्येक क्षारात कॅल्शियम सापडतं. शेवटी ज्योत बघून खात्री करा (प्रश्न १९).

१७. तुरटी किंवा मोहर सॉल्ट दिलं तर?

मग दोन धन आयन सापडणार. तुरटीत तिसऱ्या ग्रुपमध्ये ॲल्युमिनियम, ज्योतीत पोटॅशियम आणि ऋण आयन सल्फेट. काही तुरटीत पोटॅशियमच्या जागी अमोनियम असतं. मोहर सॉल्टमध्ये फेरस, अमोनियम आणि सल्फेट. एक धन आयन सापडला की हात धुऊन मोकळे होणाऱ्यांची इथे गंमत होते.

१८. अमोनियमची टेस्ट सगळ्यात आधी, आणि मूळ क्षारावरच का?

कारण पुढे तुम्ही स्वतः अमोनियम क्लोराइड, हायड्रॉक्साइड, कार्बोनेट घालणार आहात. क्षार आणि सोडियम हायड्रॉक्साइड तापवून ओला लाल लिटमस तोंडावर धरा, पण नळीच्या काठाला लावू नका. काठावर सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब असला तर कागद निळा होणारच. नेस्लर अभिकर्मकाने तपकिरी अवक्षेप आला की शंका उरत नाही.

१९. ज्योत परीक्षेत सगळं पिवळंच दिसतं.

सोडियम. हाताच्या घामातही ते असतं. तार संहत हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत तापवा, मगच क्षाराची ॲसिडमध्ये केलेली पेस्ट लावा. पोटॅशियमचा जांभळा रंग निळ्या कोबाल्ट काचेतून बघा. कॅल्शियम विटकरी, स्ट्रॉन्शियम किरमिजी, बेरियम पोपटी, कॉपर निळसर हिरवा. दिवाळीच्या भुईनळ्यातला हिरवा रंग बेरियमचाच असे, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियम क्षार वापरायला बंदी घातली. तार प्लॅटिनमची असेल तर लेडचा किंवा आर्सेनिकचा क्षार तिला लावू नका, तार खराब होते.

२०. रंग बघूनच क्षार ओळखला. मधल्या टेस्ट लिहायच्या का?

केल्या असतील तर लिहायच्या. टेस्ट, ऑब्झर्व्हेशन, इन्फरन्स या तीन रकान्यांत "अवक्षेप नाही" हेही निरीक्षणच आहे, आणि प्रश्न ११ वाचला असेल तर त्याची किंमत कळेल. न केलेल्या टेस्टची निरीक्षणं लिहिणाऱ्यांना एक सूचना: परीक्षक तोंडी परीक्षेत हमखास त्याच ओळीवर बोट ठेवतात.

२१. सगळे ग्रुप झाले, काहीच आलं नाही. आता?

मॅग्नेशियम तपासलं का? डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि अमोनियम हायड्रॉक्साइड टाकून काचकांडीने नळी आतून खरवडा. पांढरे स्फटिक कधीकधी खरवडल्याशिवाय येत नाहीत. तेही नसेल तर सोडियम, पोटॅशियमसाठी ज्योत. आणि क्षार ओरिजिनल सोल्युशनमध्ये खरंच विरघळला होता का, ते आठवा. बेरियम सल्फेटसारखा क्षार कोणत्याच ॲसिडमध्ये विरघळत नाही. एक्स-रेआधी पोटात घ्यायला देतात ते हेच, आणि विरघळत नाही म्हणूनच ते देता येतं. तसा क्षार सहसा परीक्षेत देत नाहीत. आपल्या नळीच्या तळाशी पांढरं काही तसंच बसलेलं दिसलं तर बाजूला राखलेला हिस्सा काढा आणि प्रश्न १० पासून पुन्हा सुरू करा.